एक रेघ तोडलेला बोर्ड

देशमानेसाहेबांनी स्वतःच्या हाताने दिलेली कुठलीही वस्तू चालू अवस्थेत कोणाला मिळाली, असं मी आजवर ऐकलेलं नाही. आणि तरीही जगातल्या कुठल्या कुठल्या देशांतली माणसं त्यांना देवमाणूस म्हणतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. माझ्या वाट्याला यातली पहिली आली.

साहेब मूळचे सोलापूरकडचे. टेलिफोन खात्यात नोकरीला लागून बदलीवर डहाणूला आले, चिकूच्या वाड्यांमधल्या कैनाडच्या कुंदाताईंशी लग्न करून इथेच रमले आणि निवृत्तीनंतर जवळच्या आगर गावात, समुद्राच्या इतक्या जवळ घर बांधून बसले की खारी हवा दाराच्या बिजागऱ्या खाते. त्यांचा छंद जुन्या कॉम्प्युटरांचा. चाळीसेक वर्षांपूर्वी हौशी लोक टीव्हीला जोडायचे ते छोटे काळे कॉम्प्युटर कोणाकोणाला आठवत असतील. साध्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावायची, ती किर्र ओरडायची आणि पाच-सात मिनिटांनी प्रोग्रॅम मशीनमध्ये चढायचा. त्या मशीनची मेमरी इतकी तुटपुंजी की आपण रोज सकाळी एकमेकांना पाठवतो ते सुप्रभातचं फूलसुद्धा तिच्यात मावणार नाही. साहेब त्यांच्यासाठी जादा मेमरीचे बोर्ड बनवत. तळहाताएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर वापीच्या भंगारातून वेचून आणलेल्या चिप्स. मशीनच्या पाठीला ती खोचली की मेमरी तिप्पट.

या बोर्डाचं डिझाईन त्यांनी इंटरनेटवर फुकट टाकलेलं होतं. बारीकसारीक मापांसकट, एकही चूक नसलेलं. जर्मनीतला कोणी, ब्राझीलमधला कोणी ते बघून घरी बोर्ड बनवायचा आणि आभाराचं लांबलचक पत्र लिहायचा. साहेब प्रत्येकाला उत्तर द्यायचे, तेही अदबीने. त्या पानाच्या तळाशी डहाणूचं नाव दिसलं म्हणून मी, तलासरीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी बाई, एका रविवारी टमटममध्ये बसून आगरला जाऊन धडकले.

अंगणात दोरीवर एका बाजूला बोंबील वाळत होते आणि दुसऱ्या बाजूला चिमट्यांना लावलेले नुकते धुतलेले बोर्ड. मधल्या आरामखुर्चीत साहेब. पांढरी बंडी, कपाळावर चढवलेली भिंगं, आणि समोरच्याकडे बघण्याची अशी तऱ्हा की आपल्यातच काहीतरी नादुरुस्त आहे असं वाटावं.

"मास्तरीणबाई का?" म्हणाले. "घ्या. न्या."

एवढं बोलून त्यांनी दोरीवरचा एक बोर्ड काढून माझ्या हातात ठेवला. मी खूश. कॉलेजच्या कपाटात पडलेल्या जुन्या मशीनला तो लावला तर मशीन ढिम्म. आठवडाभर डोकेफोड केली, शेवटी मीटर घेऊन एकेक रेघ तपासत गेले तेव्हा कळलं, एका चिपच्या पोटाखालून जाणारी तांब्याची केसासारखी रेघ ब्लेडने कापलेली होती. सरळ, स्वच्छ, मुद्दाम.

मी फणफणत आगरला गेले. साहेब खुर्चीतून न उठता म्हणाले, "सापडली? आठवडा लावलात. असू दे, बायकांच्या मानाने बरं आहे."

मला तेव्हा संताप आला आणि बरंही वाटलं. दुसऱ्या गोष्टीची आज चीड येते.

ही त्यांची रीत होती. हाताने दिलेल्या प्रत्येक बोर्डात एक रेघ तोडायची, दर वेळी वेगळी. इंटरनेटवरचं डिझाईन मात्र निर्दोष. असं का, विचारलं तर म्हणायचे, "अनोळखी माणसाला फसवू नये. ओळखीच्याला शिकवायचं असतं. फुकट मिळालं की माणूस बावळट होतो." आणि त्यांचा दुसरा नियम याहून कडक. ते कधीही खोटं बोलत नसत. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत, पण विचारलं तेवढ्याचंच. आणि प्रश्न कशाला म्हणायचं हेही तेच ठरवत. "बोर्ड चालत नाही हो" असं कोणी म्हटलं की साहेबांचं ठरलेलं वाक्य यायचं, "हा प्रश्न नाही. ही तक्रार आहे." अमुक चिपच्या अमुक पायापासून तमुक पायापर्यंत रेघ अखंड आहे का, हा प्रश्न. असं कोणी विचारलं तर ते हो किंवा नाही, खरं काय ते सांगत. पण इतकं विचारता येणाऱ्याला त्यांची गरज कशाला लागेल?

घरातही हेच. कुंदाताईंचा मिक्सर एकदा बंद पडला. साहेबांनी तो उघडला, दुरुस्त केला, आतली एक वायर सोडवून ठेवली आणि झाकण लावून बायकोपुढे ठेवला. "शोध," म्हणाले. कुंदाताईंनी मिक्सर उचलला, माळ्यावर टाकला आणि पाटा-वरवंटा खाली काढला. पुढे वर्षानुवर्षं त्या घरातलं खोबरं पाट्यावर वाटलं गेलं. साहेब आल्यागेल्याला ही गोष्ट हसून सांगत. "वाटते बिचारी. एक स्क्रू काढायचा होता फक्त." कुंदाताई समोरच मासे साफ करत बसलेल्या असत. मान वर करत नसत.

आमच्या कॉलेजात एकदा त्यांचं व्याख्यान ठेवलं. आमचे एक प्राध्यापक, स्वतःवर फार खूश, त्यांनी आधी साहेबांकडून बोर्ड नेला आणि पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक दाखवायला उभे राहिले. मी त्यांना आदल्या दिवशी सांगितलं होतं, बोर्ड तपासून घ्या. ते म्हणाले, मॅडम, आम्हीही शिकलो आहोत. पडद्यावर नुसत्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. प्राध्यापक घामाघूम, मुलं खिदळायला लागली. साहेब मंचावर बसून शांतपणे चहा पीत होते. शेवटी माईक ओढून म्हणाले, "यांच्या डोक्यातल्या किती रेघा तुटल्या आहेत ते पगार देणाऱ्या शासनाने शोधावं." सभागृह हशात बुडालं. मीही हसले, पोट धरून हसले. तो माणूस पुढच्याच वर्षी बदली मागून गेला. साहेबांचा विनोद असा असायचा की तो आपल्यावर नसेल तोवर त्यासारखी करमणूक नाही.

एका दुपारी मी त्यांच्याकडे बसले असताना फोन वाजला. साहेबांनी तो स्पीकरवर टाकला आणि मला डोळा मारला. पलीकडून म्हाताऱ्या माणसाचा, जपून शब्द टाकणारा आवाज.

"साहेब, मी पाटील बोलतो. घोलवडवरून. पहिलं पान येते ने साहेब, नाव येते, पण मग कळ दाबली की सगळं थांबून जाते. काय वांधा असेल?"

"पाटील, हा प्रश्न नाही."

"तक्रार आहे. हां हां, समजलो साहेब. मी परत बघतो."

"बघा."

फोन ठेवून साहेब म्हणाले, "नर्सरीवाला आहे. हळूहळू शिकतोय." मला वाटलं, असेल कोणी हौशी म्हातारा. मी चहा संपवला आणि निघाले.

पुढे कॉलेजच्या आवारात लावायला रोपं हवी होती म्हणून घोलवडला गेले. कोणीतरी पाटलांच्या नर्सरीत पाठवलं. जगन्नाथ पाटील, सगळे त्यांना अप्पा म्हणत. ऐंशीचे असतील. खाली बसून चिकूची कलमं बांधत होते. बोटं इतकी सराईत की डोळे माझ्याकडे आणि हात त्यांच्या कामात. मी सहज विचारलं, हे कसं असतं? त्यांनी समजावलं. खाली खिरणीचं रोप, कारण मूळ चिवट तिचं. वर चिकूची काडी बांधायची. काडी जगली तर चिकू. "नाय जगली तर खालून खिरणीचे फुटवे येतात मॅडम. पानं हिरवीगार, झाड मस्त. ज्याला ओळख नाय तो पाणी घालत बसतो वर्षानुवर्षं. चिकू काय लागायचा नाय. म्हणून फुटवे खुडत राहायचं."

पैसे देण्यासाठी त्यांच्या खोलीत गेले आणि दारातच थांबले. जुना टीव्ही, त्याला जोडलेलं काळं मशीन, मशीनच्या पाठीला साहेबांची हिरवी पट्टी. शेजारी टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट. टीव्हीला हार नव्हता, पण समोर उदबत्तीचं घर होतं.

फोनवरचा आवाज मला तेव्हा ओळखू आला.

अप्पांनी सांगितलं ते असं. त्यांचा एकुलता एक मुलगा विवेक. मामाने मुंबईहून हे मशीन आणून दिलं आणि पोरगा त्यात बुडाला. बारावीच्या आधीच्या सुट्टीत तो मामाकडे गेला होता. तिथे जादा मेमरीचं मशीन होतं, त्याच्यावर त्याने काहीतरी मोठं लिहिलं आणि कॅसेटवर भरून आणलं. घरच्या मशीनवर ते चढेना, मेमरी पुरेना. म्हणाला, "अप्पा, हे तुमच्यासाठी केलंय. बोर्ड आणला की दाखवतो." त्याच वर्षी कावीळ होऊन तो गेला. त्याने काय केलं होतं ते बापाला कधी कळलं नाही. बायकोही गेली. कॅसेट लोखंडी पेटीत राहिली. मग कोणीतरी सांगितलं, आगरला एक साहेब असे बोर्ड फुकट देतात.

"पहिल्याच दिवशी दिसलं मॅडम," अप्पा म्हणाले. "पडद्यावर इंग्रजी अक्षरांत, पण मराठी. 'अप्पा, कोणतीही कळ दाबा.' मी दाबली. थांबून गेलं."

साहेबांनी तोडलेली रेघ वरच्या मेमरीची होती. प्रोग्रॅमचं पहिलं पान खालच्या मेमरीत बसायचं, ते दिसायचं. पुढचं सगळं जिथे जायला हवं तिथे वाटच नव्हती. आणि त्या एका ओळीने म्हाताऱ्याला धरून ठेवलं होतं. सकाळी अंघोळ झाली की कॅसेट, संध्याकाळी दिवा लावला की कॅसेट. महिनोन् महिने. मुलगा म्हणतोय कळ दाबा, बाप दाबतोय.

"ही कॅसेट एकच आहे?" मी विचारलं. "दुसरी भरून नाही ठेवली?"

"दुसरी? भरता येते काय?"

साधी गोष्ट. दोन टेपरेकॉर्डर, एक वायर. या छंदातलं पोरसोरही मूळ कॅसेट हातात आली की पहिल्यांदा तिची नक्कल काढतं आणि मूळ पुन्हा वाजवत नाही. जुनी टेप वाजवली की झिजते. अप्पांना ते ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. त्यांना वाटलं, गाण्याची कॅसेट वाजते तशी ही वाजते.

नर्सरीच्या पाण्याच्या पंपासाठी त्यांच्याकडे मीटर आणि डाग द्यायला सोल्डरिंग आयर्न होतं. मी खाली बसले आणि रेघ शोधली. यावेळी आठवडा लागला नाही, एका बैठकीत सापडली. वायरीचा इवलासा तुकडा डाग देऊन जोडला. मशीनने सगळी मेमरी दाखवली. अप्पांनी हात जोडले, मला नाही, मशीनला. मग कॅसेट लावली.

टेप ओरडली, पण तो आवाज कापरा होता, मध्येच विरत होता. पडद्यावर काही आलं नाही. ती एक ओळसुद्धा आली नाही. मी टेपरेकॉर्डरचं तोंड उघडून बघितलं तर आत तपकिरी भुकटी साचलेली. चाळीस वर्षांची टेप, समुद्राची हवा आणि रोजचं दोनदा वाजणं. विवेकने जे काही लिहिलं होतं ते त्या भुकटीत होतं. स्पिरिटने पुसून पुन्हा लावली, आवाज कमीजास्त केला, दुसरा टेपरेकॉर्डर मागवून बघितला. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार होते.

अप्पांनी कॅसेट काढून घेतली. "राहू दे बाय," म्हणाले. "तो म्हणाला होता, बोर्ड आणला की दाखवतो. उशीर मीच केला."

मी त्याच संध्याकाळी आगरला गेले. साहेब अंगणात तांब्याची पट्टी घासत होते, पलीकडे कुंदाताई मासे साफ करत होत्या.

"पाटलांकडे एकच कॅसेट आहे, मेलेल्या मुलाची आहे, तुम्हाला माहीत होतं?"

"हो. सांगितलं होतं त्यांनी."

"मग नक्कल काढा, एवढं का नाही सांगितलं?"

त्यांनी पट्टीवर फुंकर मारली. "विचारलं असतं तर सांगितलं असतं."

कुंदाताईंचा मासा साफ करणारा कोयता थांबला. साहेबांना वाटलं मी आणखी काही ऐकायला उभी आहे. म्हणाले, "आणि मास्तरीणबाई, तसं फार काही हुकलेलं नाही. सतरा वर्षांच्या पोराचा प्रोग्रॅम. दोन चौकोन आणि एक उडता पक्षी असणार. मी शेकड्याने बघितलेत."

मला त्या माणसाचा इतका द्वेष वाटला की मी तशीच फिरले आणि टमटम पकडली. घरी येईपर्यंत मी त्यांना काय काय बोलायला हवं होतं ते पाठ करत होते. ते काही उपयोगी पडलं नाही.

पुढच्या महिन्यात अप्पांचा फोन आला. साहेबांचा बोर्ड परत करायचा आहे, सोबत येता काय? आम्ही निघालो तेव्हा त्यांच्या मांडीवर काळ्या पिशवीतलं एक रोप होतं. हिरवंगार, टवटवीत. रस्ताभर त्यांनी ते टमटमच्या धक्क्यांपासून लहान मुलासारखं सांभाळलं.

साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं. बोर्ड उलटापालटा करून बघितला, माझा डाग बघून नाक मुरडलं. "ही मास्तरीणबाईंची करामत. तुम्ही नाही शोधलीत, पाटील."

"नाय साहेब. मला काय ते जमलं नाय." अप्पांनी रोप पुढे केलं. "तुम्ही फुकट दिलात बोर्ड. माझ्याकडे काय आहे द्यायला? माझ्या हातचं आहे. चिकू खायला घोलवडपर्यंत कशाला यायचं?"

साहेब चक्क खूश झाले. झाडाचा त्यांना गंध नव्हता. आंब्याचं पान आणि फणसाचं पान यात आपल्याला फरक कळत नाही, हे ते अभिमानाने सांगत, जणू काही ते कळणं हलक्या लोकांचं काम आहे.

"कधी धरेल?"

"तीन-चार वर्षं. पाणी घाला बस." अप्पांनी पिशवी खाली नीट टेकवली. "आणखी काय विचारायचं असेल तर विचारा साहेब. मी खरं सांगेन."

"झाडात विचारायचं काय? पाणी घातलं की वाढतं."

"बरोबर," अप्पा म्हणाले आणि उठले.

कुंदाताईंनी रोप हातात घेतलं. एक पान दोन बोटांत धरून त्यांनी त्याचं टोक बघितलं. मग अप्पांकडे बघितलं. अप्पांनी नजर चुकवली नाही. कुंदाताई आत गेल्या, तांब्याभर पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "विहिरीजवळ लावू. तिथे जागा चांगली."

त्यानंतर मी आगरला जाणं सोडलं. अप्पा दोन वर्षांनी गेले. कॅसेट त्यांच्यासोबत दिली, असं नर्सरीतल्या बाईने मला सांगितलं.

गेल्या महिन्यात कॉलेजचं मशीन पुन्हा बिघडलं. चिप हवी होती आणि ती मिळण्याचं आसपास दुसरं ठिकाण नाही. म्हणून नाइलाजाने गेले. साहेब आता खूप थकलेत. हात कापतात, नवीन बोर्ड होत नाहीत. पण त्या पानावर लोक अजून आभार लिहितात, आणि साहेब एका बोटाने टाइप करत सगळ्यांना अदबीने उत्तरं देतात.

मी स्वयंपाकघरात गेले. कुंदाताई पाट्यावर खोबरं वाटत होत्या. खिडकीतून विहीर दिसत होती. कमरेएवढं झाड, दाट, काळपट हिरवं. शेजारी स्टुलावर साहेब. बोर्ड तपासायच्या मीटरची दोन टोकं मातीत खुपसून ओल मोजत होते. चार वर्षं त्यांनी त्याला खत घातलं, शेण घातलं, वापीहून कसली औषधं आणली. उन्हाळ्यात सावलीला गोणपाट बांधलं. बोर्ड बनवणं सुटलं तेव्हापासून तर दिवसभर तिथेच. "मरायच्या आधी एक चिकू खाईन म्हणतात," कुंदाताई म्हणाल्या.

मी पानांकडे नीट बघितलं. चिकूचं पान टोकाला निमुळतं असतं. हे टोकाला आत दबलेलं होतं.

"ताई, ही खिरणी आहे."

"मग? कैनाडची मी. पिशवी हातात घेतली तेव्हाच कळलं."

"त्यांना सांगितलं नाहीत?"

त्यांनी वरवंट्यावरचं खोबरं बोटाने निपटलं. "विचारलं तर सांगेन की."

मी बाहेर आले. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता, आणि तो लपवायला मला त्रास पडत होता. साहेबांनी कापऱ्या हाताने झारी उचलली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तरीणबाई, काही कळत नाही बघा. इतकं केलं, झाड नुसतं वाढतंय. चिकू काही धरत नाही हो."

"साहेब," मी म्हटलं, "हा प्रश्न नाही. ही तक्रार आहे."

 त्यांचा चेहरा उजळला. माझ्याकडून असं काही निघेल याची त्यांना अपेक्षा नव्हती.

"शाब्बास," म्हणाले, "शिकलात अखेर." आणि हसत हसत त्यांनी उरलेली झारी झाडाच्या मुळाशी ओतली.